स्नोबोर्डवर टाचेच्या कडेने उतरता येतं, पण पंजावर वळताना दरवेळी आपटतो. काय चुकतंय?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पाचोऱ्याहून गुलमर्गला जाऊन चार दिवस शिकलात, टाचेच्या कडेने, म्हणजे बोर्डाच्या टाचांकडच्या धारेवर, घसरत खाली येता, पण पंजाच्या कडेवर, म्हणजे बोटांकडच्या धारेवर, वळायला गेलं की तोंडावर पडता. पुढे सहज म्हणून लिहिलंय की संध्याकाळी मागच्या पायाची मांडी पेटलेली असते. मला तुमचं दुखणं तिथेच सापडलं. मागची मांडी भरते म्हणजे वजन मागच्या पायावर आहे.

मी जळगावचा. तीन हिवाळे भुसावळहून झेलम एक्सप्रेस धरून जम्मू आणि पुढे गुलमर्ग गाठलंय. पहिल्या वर्षी माझंही अगदी हेच होत होतं. पावसात काळ्या मातीच्या बांधावरून उतरताना पाय सटकला की अंग आपसूक मागे जातं. तिथे ते बरोबरच आहे. बर्फावर उतार दिसला की शरीर तेच करतं, आणि बोर्डाच्या नाकावरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, भार निघून जातो. कडेचा पुढचा भाग बर्फाला धरत नाही, बोर्ड वळत नाही, नुसता वेग घेतो. मग घाबरून आपण मागच्या पायाने बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, ढकलतो आणि मांडी भरून येते.

मला शिकवणाऱ्या काश्मिरी दादाने एकदा उताराला आडवं उभं केलं, स्वतः बर्फात गुडघे टेकून बसला आणि माझा पुढचा गुडघा हातात धरून हळूच नाकाच्या दिशेने दाबला. मी काही केलं नव्हतं. नाक स्वतःहून उताराकडे फिरलं. वळण खांद्यांनी किंवा मागच्या पायाने ओढून आणायचं नसतं, ते पुढच्या पायातून सुरू होतं, हे त्या एका दाबात कळलं.

आता तुमचं आपटणं. टाचेच्या कडेवर आडवे उभे असता तेव्हा पंजाची कड उताराच्या खालच्या बाजूला असते. बोर्ड अजून आडवाच असताना घाईने पंजे दाबले की तीच कड बर्फात रुतते आणि माणूस फेकला जातो. म्हणून आधी पुढच्या पायावर भार द्या, नाक सरळ खाली जाऊ द्या, आणि मगच पुढच्या पायाचा पंजा दाबा. मागचा पाय त्याच्या पाठोपाठ येतो. नाक खाली आहे ते एक-दोन सेकंद फार मोठे वाटतात. सगळी भीती तिथेच आहे, आणि तिथेच थांबायला शिकायचं आहे.

ते शिकायला सोपा सराव: पूर्ण वळूच नका. टाचेच्या कडेवर नाक थोडं खाली सोडा, वेग आला की पुन्हा आडवे व्हा, परत सोडा. मागे वळून पाहिलंत तर बर्फावर दारावरच्या तोरणासारखी रेघ दिसेल. नंतर हेच पंजाच्या कडेवर.

पंजाच्या कडेवर असताना नडग्या बुटाच्या जिभेवर दाबलेल्या हव्यात आणि कंबर पुढे हवी. निंदणीला वाकतो तसं कमरेतून वाकलात की बूड मागे जातं आणि कड सुटते. टाचेच्या कडेवर खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवा. नजर बोर्डावर नको. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मोटारसायकलवर आपण वळणाच्या पलीकडे बघतो ना, तसंच. खांदे बोर्डाच्या रेषेत ठेवा.

बूट एकदा तपासाच. गुडघा पुढे वाकवल्यावर टाच आत उचलली जात असेल तर बूट सैल आहे, आणि अशा बुटात पंजावरचा दाब कडेपर्यंत पोचत नाही. भाड्याच्या दुकानात लाजू नका, दुसरा मागा.

पडताना तळहात टेकवू नका. नवख्यांची मनगटं त्यानेच मोडतात. मुठी मिटा आणि पुढे पडलात तर कोपरापासूनचा हात टेकवा. मागे पडताना हनुवटी छातीला लावा, हात पोटाशी घ्या. हेल्मेट नसेल तर त्या दिवशी बोर्ड बांधू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

जानेवारीपर्यंत घरीच रोज दहा मिनिटं भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवून उभं राहा. आपलं जळगाव जेमतेम २०० मीटरवर, गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर, त्यामुळे पहिल्या दिवशी दम लागेल. तो दिवस खालच्या सपाट बाजूलाच घालवा. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवाटच्या डोंगरावर जवळपास ३९८० मीटरपर्यंत नेतो. मित्र बोलावतील, पण तिथे उतार न दाबलेल्या बर्फाचे आहेत आणि हिमस्खलनाचा धोका असतो. यंदा तिकडे बोर्ड नेऊ नका.