एमर्जन्सीत भाऊ बोलून गेला ‘आठ वर्षं बीपी’ आणि मेडिक्लेम रिजेक्ट झाला

बार्शीच्या एका ताईंचा लांबलचक मेल आलाय, थोडक्यात प्रकरण असं. वडील एसटीतले रिटायर कंडक्टर, वय ६३. मेडिक्लेम जानेवारी २०२० पासून, तीन लाखांचं. जानेवारी २०२३ ला एजंटच्या सांगण्यावरून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली आणि कव्हर पाच लाख केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये रात्री छातीत दुखायला लागलं, सोलापूरला नेलं, अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट, बिल ४ लाख १२ हजार. कॅशलेस नाकारलं, आईचे दागिने ठेवून बिल भरलं, मग सगळी फाईल कंपनीला दिली तर ऑक्टोबरमध्ये लेटर आलं: पेशंटला ८ वर्षांपासून बीपी होता, तो फॉर्ममध्ये लपवला, सबब क्लेम नामंजूर. आणि आता त्याच कंपनीतून कुणीतरी फोन करतंय की दीड लाख देतो, ‘फुल अँड फायनल’वर सही करा. ताई विचारतात, एवढ्या मोठ्या कंपनीशी आपण कुठे लढणार, घेऊ का दीड लाख?

ताई, सही करू नका. बाकीचं निवांत वाचा, पण एवढं आज वडिलांना आणि भावाला फोन करून सांगा.

आता ती ८ वर्षं आली कुठून ते बघू, कारण कंपनीची अख्खी केस त्या एका ओळीवर उभी आहे. तुम्ही केसपेपरचा फोटो पाठवलाय त्यात कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने घाईघाईत खरडलंय, हायपरटेन्शन आठ वर्षं, बस. तुम्हीच लिहिलंय की तेव्हा वडिलांबरोबर फक्त भाऊ होता, रात्रीचा दीड वाजलेला, डॉक्टरने विचारलं बीपी-शुगर आहे का, कधीपासून, आणि भाऊ म्हणाला असेल सात-आठ वर्षं. त्या वेळी त्याला स्वतःचा वाढदिवस विचारला असता तरी चुकीचा सांगितला असता. पण कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर हॉस्पिटलमध्ये जातो तो सगळ्यात आधी हेच पान उघडतो, ईसीजी-बिसीजी नंतर. माझ्याकडे अशा फायली इतक्या आल्यात की मी आता केसपेपर हातात घेतला की पहिली नजर तिथेच जाते.

कायद्याच्या बाजूने बघाल तर आजार आधीपासून होता आणि तो लपवला हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते. नुसती केसपेपरवरची ऐकीव ओळ, तिच्या मागे जुनं प्रिस्क्रिप्शन नाही, रिपोर्ट नाही, ज्याने लिहिलं त्या डॉक्टरचं अ‍ॅफिडेव्हिट नाही, असा पुरावा ग्राहक आयोगांनी कितीतरी केसेसमध्ये अपुरा मानलाय. तुम्ही म्हणता गोळी २०२२ ला सुरू झाली, तर मग बार्शीच्या तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा, पहिली चिठ्ठी कधीची आहे ते शोधा, त्यांच्याकडून तारखेसकट सर्टिफिकेट घ्या. हॉस्पिटलकडून पूर्ण इनडोअर पेपरची कॉपी लेखी अर्ज करून मागा, डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागते. एक मात्र करू नका, ओळखीपाळखीने त्या केसपेपरवर खाडाखोड करून ‘आठ’चं ‘तीन’ करायला सांगू नका, कंपनीकडे जुनी कॉपी आधीच आहे आणि मग खरोखरच फ्रॉड झाला असं म्हणायला त्यांना आयतं कोलीत मिळेल.

आणि ताई, वडिलांना एकदा शांतपणे बसवून विचारा, २०२० च्या आधी गोळी खरंच चालू नव्हती ना. मला सांगायची गरज नाही पण तुम्हाला माहीत पाहिजे, कारण पुढे अ‍ॅफिडेव्हिटवर त्यांचीच सही जाणार आहे.

आता तुमच्या हातातला खरा हुकमी पत्ता, जो तुमच्या मेलमध्ये तुम्हाला दिसलेलाच नाही आणि कंपनीच्या लेटरमध्ये तर मुद्दामच नसणार. मेडिक्लेममध्ये मोरॅटोरियम नावाचा प्रकार असतो. म्हणजे पॉलिसी सलग अमुक महिने चालली की त्यानंतर ‘तुम्ही फॉर्ममध्ये हे लपवलं होतं’ असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेला फ्रॉड असेल तरच येतो. आधी हे आठ वर्षं होतं, आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये ते ६० महिन्यांवर, म्हणजे पाच वर्षांवर आणलं. तुमची पॉलिसी जानेवारी २०२० पासून एकही गॅप न पडता चालू आहे, जानेवारी २०२५ ला रिन्यू झाली तेव्हा साठ महिने पूर्ण झाले, आणि अ‍ॅटॅक आला ऑगस्टमध्ये. कंपनी मोजत असणार २०२३ पासून, म्हणजे पॉलिसी त्यांच्याकडे आली तेव्हापासून, पण पोर्ट केलेल्या पॉलिसीला आधीच्या कंपनीकडची वर्षंही धरायची असतात, पोर्टिंगचा अर्थच तो. नाहीतर कुणी पोर्ट कशाला करेल.

पण इथे एक गोची आहे आणि ती मी लपवत नाही. हे साठ महिने मूळ कव्हरला लागू होतात, वाढवलेल्या कव्हरला ते वाढवल्याच्या तारखेपासून वेगळे मोजतात. म्हणजे तुमच्या तीन लाखांना संरक्षण पक्कं, पण वरचे दोन लाख जानेवारी २०२३ ला वाढवलेत, त्यांचे ऑगस्टपर्यंत जेमतेम ३१ महिने भरले. आणि बीपीची गोळी २०२२ ला सुरू झाली असेल तर ती या वाढीव भागाच्या दृष्टीने आधीचाच आजार ठरू शकते, त्यात पोर्टच्या फॉर्ममध्ये ‘नाही’वर टिक असेल तर अजून अवघड. त्यामुळे ४ लाख १२ हजारांपैकी पहिल्या तीन लाखांबद्दल मी ठामपणे सांगते की मागा आणि सोडू नका, वरच्या १ लाख १२ हजारांसाठी भांडू पण त्याचं मी छातीठोक सांगणार नाही. त्यातले ग्लोव्हज, रजिस्ट्रेशन चार्जेस असले काही हजार तसेही कापले जातात. आता या हिशोबात तो दीड लाखाचा फोन बसवून बघा. तीन लाख द्यावे लागतील हे त्यांच्याकडे कुणीतरी मोजलेलं असणार असा माझा अंदाज, नाहीतर ‘लपवाछपवी केली’ म्हणणाऱ्या माणसाला कुणी प्रेमाने दीड लाख देतं का.

एजंटबद्दल तुम्ही लिहिलंय की फॉर्म त्याने भरला, वडिलांनी फक्त सह्या केल्या. घरोघरी हेच चालतं, एजंट चहा पिता पिता सगळीकडे ‘नाही’ टिक करतो कारण मेडिकल टेस्ट लागली तर केस लांबते. यावर तुम्ही फार भिस्त ठेवू नका, सही वडिलांची आहे आणि ‘न वाचता सही केली’ हे आयोगापुढे दर वेळी चालत नाही. पण दोन्ही फॉर्मच्या, २०२० च्या आणि २०२३ च्या, कॉप्या कंपनीकडे मागाच. कधी कधी फॉर्म येतो तेव्हा कळतं की बीपीचा प्रश्नच कोरा सोडलाय, आणि कोऱ्या प्रश्नावर पॉलिसी देऊन पाच वर्षं प्रीमियम खाल्ला असेल तर मग कंपनीला लपवाछपवीचा कांगावा करणं जड जातं. एजंटशी व्हॉट्सअ‍ॅपवर काही बोलणं झालं असेल तर ते डिलीट होऊ देऊ नका.

आता करायचं काय. पहिलं, फोनवर बोलणं बंद. गोड बोलून ‘मॅडम, मी बघतो’ म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या कंपनीत असेलच असं नाही. फोन आला तर एकच वाक्य, मेल करा. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल, त्याचा पत्ता पॉलिसीच्या कागदातच असतो, वडिलांच्या नावाने आणि शक्यतो त्यांच्याच मेल आयडीवरून. फार कायदेशीर भाषा नको, साधं लिहा:

‘माझी पॉलिसी जानेवारी २०२० पासून सलग आहे, आधीच्या कंपनीची कागदपत्रं जोडली आहेत. ६० महिन्यांचा मोरॅटोरियम पूर्ण झाला असताना क्लेम कोणत्या अटीखाली नाकारला ते कलमासकट कळवा. माझा क्लेम नाकारण्याआधी क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची मंजुरी घेतली होती का, त्या मंजुरीची तारीख कळवा. दोन्ही प्रपोजल फॉर्म आणि इन्व्हेस्टिगेशन रिपोर्टची प्रत द्या.’

त्या कमिटीचा, म्हणजे नाकारायचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीतल्याच समितीचा, प्रश्न मुद्दाम टाकलाय. २०२४ च्या नियमांप्रमाणे कुठलाही हेल्थ क्लेम या कमिटीच्या किंवा तिच्या वरच्या कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते. तुमच्या लेटरवर नुसतं ‘लपवलं’ आहे, अट कुठे आहे?

तीच तक्रार आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर टाका, जमत नसेल तर १५५२५५ वर फोन. तिथे आयआरडीएआय स्वतः निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडेच ढकलते, पण नोंद राहते.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा तेच रडगाणं परत आलं की विमा लोकपाल, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देणारा अधिकारी. तुमच्यासाठी पुण्याचं ऑफिस. फी नाही, ५० लाखांपर्यंतचा निकाल देता येतो, आणि तिथे वकील चालतच नाही, वडील स्वतः तक्रार करतात, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. (माझ्या पोटावर पाय आहे हा, तरी सांगते.) नकाराच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत जायचं. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो, नाही पाळला तर दिवसाला ५ हजार रुपये दंड, आणि तो तुम्हाला. निकाल पटला नाही तर तुमच्यावर तो बंधनकारक नाही, तुम्ही पुढे जाऊ शकता. मानसिक त्रासाची भरपाई वगैरे अपेक्षा मात्र तिथे ठेवू नका.

पुढे म्हणजे सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस करता येते, कंपनीचं हेड ऑफिस मुंबईत असो नाहीतर चेन्नईत, त्यांचा वकील सोलापूरला येईल. इथे किती लाखांचा क्लेम त्यावर फी ठरत नाही, तुम्ही मोजलेली किंमत म्हणजे प्रीमियम बघतात, आणि ती पाच लाखांच्या आत असली की फी शून्य. तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षं, म्हणजे तुमच्यासाठी ऑक्टोबर २०२७, कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथे व्याज, त्रासाची भरपाई, खर्च सगळं मागता येतं, पण कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत त्यावर जाऊ नका, वर्ष-दोन वर्षं धरून चाला. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, आयोगात केस चालू असेल तर लोकपाल घेत नाही, म्हणून मी तुमच्या जागी असते तर आधी लोकपाल. आईचे दागिने सोडवायचेत, वेळ महत्त्वाचा आहे.

त्या ‘फुल अँड फायनल’ कागदाचं सांगते. सुप्रीम कोर्टाने १९९९ लाच म्हटलंय की व्हाउचरवर सही केली म्हणून ग्राहकाचा हक्क आपोआप संपत नाही, पण मग सही फसवून किंवा दबाव टाकून घेतली हे तुम्हाला दाखवावं लागतं, ते ओझं कशाला अंगावर घ्यायचं. उत्तर द्यायचं असेल तर मेलवर द्या की दीड लाख आत्ता देत असाल तर बाकी रकमेचा हक्क राखून घ्यायला तयार आहोत. बहुतेक परत फोन येणार नाही.

या काळात तुम्हाला ‘क्लेम मिळवून देतो, २० टक्के द्या’ म्हणणारेही भेटतील, इंटरनेटवर कस्टमर केअर म्हणून सापडलेल्या नंबरवर तर ओटीपी बिटीपी अजिबात सांगू नका.

शेवटचं, जे रागाच्या भरात लोक विसरतात. ‘क्लेम देत नाही तर प्रीमियम कशाला भरू’ असं वडील म्हणतायत असं तुम्ही लिहिलंय. भरा. जानेवारीत रिन्यूअल आहे, ग्रेस, म्हणजे उशिरा भरायची सवलत, ३० दिवसांचा असतो पण त्यावर जाऊ नका, ग्रेसमध्ये काही झालं तर वाद होतो. पॉलिसी तुटली तर सहा वर्षांची सलगता गेली, दोन स्टेंट असलेल्या ६३ वर्षांच्या माणसाला नवी पॉलिसी कोण देणार, आणि दिली तरी वेटिंग, म्हणजे जुन्या आजारांना कव्हर न मिळण्याचा काळ, पहिल्या दिवसापासून. कंपनीने रिन्यूअलला लिंक पाठवली नाही तर ब्रँचला जाऊन चेक द्या आणि पोच घ्या, चेक घ्यायला नाही म्हणाले तर त्याच दिवशी तसा मेल करा, त्याची एक कॉपी मलाही पाठवा.