मनगटावरची गाठ: फोडायची की सोडायची?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय २९. उजव्या मनगटावर मागच्या बाजूला बोराएवढी गाठ आलीये, हात खाली वाकवला की लगेच वर दिसते. जमिनीवर हात टेकून उठताना दुखतं. सासूबाई म्हणतात जाड पुस्तक मारून फोड. कॅन्सर तर नसेल ना?

उत्तर: ताई, आधी ते पुस्तक कपाटात ठेवा! वर्णनावरून गँगलियन वाटतंय, पण हात बघितल्याशिवाय शिक्का मारणार नाही. ही म्हणजे सांध्याच्या किंवा टेंडनच्या (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या) आवरणातून बाहेर आलेली पिशवी, आत घट्ट चिकट पारदर्शक द्रव असतो म्हणून अंधारात टॉर्च लावला की बहुतेक वेळा उजळते. कॅन्सर नाही आणि पुढे होतही नाही. काम जास्त झालं की फुगते, आराम दिला की बसते, आणि साधारण निम्म्या लोकांची तर काहीच न करता जिरते, फक्त महिने, कधी वर्षंही लागतात. दुखतंय तोवर थोडे दिवस मनगटाचा पट्टा लावा. सुईने द्रव काढता येतो, पटकन होणारं काम, पण पिशवीला सांध्याशी किंवा टेंडनच्या आवरणाशी जोडणारा देठ आतच राहतो त्यामुळे पुष्कळदा परत भरते हे आधीच सांगून ठेवतो. ऑपरेशनमध्ये देठासकट काढतात, तरी काहींना पुन्हा येतेच, शिवाय व्रण आणि मनगट आखडणं आलं. नुसती दिसते म्हणून मी तरी कापायला सांगत नाही. नाडी बघतो त्या बाजूला असेल तर सुईसुद्धा जपून, शेजारीच धमनी असते. बोटं बधिर झाली, पकड सैल पडली किंवा गाठ भराभर वाढली तर मात्र लगेच ऑर्थोपेडिककडे जा.