प्रश्न वाचकांचे : चर्च सुटलं, धाक सुटेना

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मंडळी सोडली. विश्वास उरलेला नाही. तरी घरी आल्यावर कुणी दिसलं नाही, फोन लागला नाही, की धस्स होतं : प्रभूचं आगमन झालं, सगळे उचलले गेले, मी मागे राहिले. मग गुपचूप ‘चुकलं असेल तर क्षमा कर’ म्हणते. हे ढोंग आहे का? (पिंपरी)

उत्तर : ढोंग नाही, सवय आहे. सहा-सात वर्षांच्या पोराला नरक आणि अग्निसरोवर शिकवलं की ते अंगात मुरतं. मोठेपणी डोक्यानं सोडलं तरी अंग लगेच सोडत नाही. तुमची भीती मुख्यतः त्या गुपचूप प्रार्थनेवर जगते आहे. भीती चढते, तुम्ही क्षमा मागता, ती उतरते. मनाला वाटतं, प्रार्थना केली म्हणून वाचलो. त्यामुळे पुढच्या वेळी ते आणखी लवकर प्रार्थना मागतं. घरच्यांना फोनवर फोन करून खात्री करून घेणं हाही तोच प्रकार.

इतिहास एकदा जाणून घ्या. विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील आणि बाकीचे संकटकाळात मागे राहतील, ही मांडणी प्रामुख्यानं ब्रिटिश धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३०च्या दशकात केली. सायरस स्कोफील्ड यांच्या टीपांसह १९०९मध्ये छापलेल्या बायबलनं ती अमेरिकेत घरोघर नेली. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं ४:१७ हे ‘ढगांत उचलले जाऊ’ असं सांगणारं वचन जुनं असलं, तरी त्याचा हा अर्थ कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स चर्चनं कधी शिकवलेला नाही. मात्र हे एकदाच वाचा. भीती वाटली की पुन्हा वाचायला धावलात, तर ती नवी प्रार्थनाच झाली. रात्री दोनपर्यंत धर्मचर्चेचे व्हिडिओ बघणाऱ्यांचं हेच होतं. वाद जिंकतात, झोप हरते.

आता करायचं काय? पहिला आठवडा फक्त वहीत नोंद ठेवा : कशानं सुरू झालं, भीती दहापैकी किती, मी काय केलं. दुसऱ्या आठवड्यात क्षमेची प्रार्थना दहा मिनिटं लांबवा, मग वीस, मग चाळीस. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. काही न करताही तो हळूहळू खाली येतो, हे स्वतःच्या अक्षरात दिसायला हवं. तिसऱ्या आठवड्यापासून भीती मुद्दाम बोलवायची. आगमनाचं एखादं गीत निवडून रोज त्याच वेळी, बसून, पंधरा-वीस मिनिटं ऐका. आकडा निम्म्यावर आल्याशिवाय उठू नका. बहुतेकांची चूक इथंच होते. आकडा नऊवर असताना गाणं बंद करतात, आणि अंग शिकतं की पळालो म्हणून वाचलो. दुसरी चूक घाईची. पहिल्याच दिवशी थेट कन्व्हेन्शनच्या, म्हणजे मंडळीच्या मोठ्या मेळाव्याच्या, मैदानात जाऊन उभं राहू नका.

मंडळीसमोर उभं करून लाज काढली गेली असेल, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर हा प्रयोग एकट्यानं करायचा नाही. पापाचे विचार आणि ते ‘धुण्याचे’ विधी यांत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, तर तो मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यावर औषधं आहेत आणि वर सांगितलेल्या पद्धतीचे शिस्तशीर उपचारही आहेत. जीव नकोसा वाटला, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो.

समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा : धर्म सोडलेल्या माणसांबरोबर काम केलंय का? उपचारात प्रार्थना सांगता का? सांगत असतील तर उठा. (एक भीती घालवायला दुसऱ्या देवाचं व्रत सांगणारेही भेटतात. तिथूनही उठा.) ‘रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम’ हा शब्द अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्लिन विनेल यांनी २०११मध्ये रूढ केला. नाव उपयोगी आहे, पण ते अधिकृत निदान नाही. ते कुणी कागदावर रोग म्हणून लिहून दिलं, तर सावध राहा.

प्रश्न : बाप्तिस्म्याच्या वहीतून नाव काढून हवं आहे. फादर नाही म्हणतात. लग्नही चर्चबाहेर करायचं आहे. (वसई)

उत्तर : फादर अडवणूक करत नाहीत. ती वही म्हणजे सभासदांची यादी नव्हे. अमुक दिवशी अमुक बाळाचा संस्कार झाला एवढीच ती नोंद, आणि तो झाला होताच. शिवाय कॅथलिक शिकवणुकीत बाप्तिस्म्याचा ठसा पुसला जात नाही. १९८३च्या कॅथलिक चर्च-कायद्यात चर्चच्या ‘औपचारिक त्यागा’चा उल्लेख विवाहासंबंधीच्या तीन कलमांत होता. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९मध्ये तो काढून टाकला. अजूनही तुम्ही लेखी कळवू शकता आणि शेरा लिहायची विनंती करू शकता. मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी वर्ष घालवू नका. जर्मनीत चर्चचा कर असतो म्हणून तिथं सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडावं लागतं. आपल्याकडे असं काही नाही.

सरकारी अर्जातल्या धर्माच्या रकान्याचं म्हणाल, तर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं आहे की कोणताही धर्म न मानण्याचा हक्क घटनेच्या २५व्या कलमात येतो आणि धर्म सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंमत म्हणजे हे प्रकरण नेणारे येशूला मानणारेच होते, फक्त स्वतःला ‘ख्रिश्चन धर्मा’त मोजायला तयार नव्हते.

लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे करा. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं हवं. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबायचं, आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसह विवाह उरकायचा. मुदत टळली की पुन्हा पहिल्यापासून. चर्च हा विवाह धरणार नाही, आणि ‘हे लग्नच नव्हे’ असं एखादी आत्या म्हणेल. कायद्यानं ते पूर्ण लग्न आहे. वारसा आधीप्रमाणेच भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार चालतो, त्यामुळे घर-जमिनीचा हक्क जाईल ही भीती काढून टाका.

लोक विसरतात ती गोष्ट कबरीची. घरातल्यांना नंतर फादरांच्या दारात घासाघीस करावी लागू नये म्हणून आत्ताच लिहून ठेवा : दफन, दहन की देहदान. देहदानाचा अर्ज भरूनही ऐनवेळी नातेवाइकांनी नको म्हटलं की काम अडतं. म्हणून अर्जाइतकंच महत्त्वाचं, भाऊ-बहिणीशी समोरासमोर बोलणं.

प्रश्न : आई म्हणते, नाताळला तरी उपासनेला ये. गेलो तर स्वतःशी खोटं, न गेलो तर आई रडते. (अहिल्यानगर)

उत्तर : तुम्ही तीन गोष्टींची एकच मोट बांधली आहे : विश्वास, संस्था आणि माणसं. पहिली गेली म्हणून तिसरी फेकायला हवी असं नाही. तुमच्याच गावात बरीच वर्षं राहिलेल्या ख्रिस्ती कवीचा दाखला घ्या. नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. त्यांनी संस्था सोडली, ख्रिस्त सोडला नाही. तुमचं उलटं असेल : ख्रिस्त सुटला, पण टिळकांचे अभंग अजून गळ्यात आहेत. ते म्हणा. टाळ-मृदंगावर आवाज लावल्यानं कुणी श्रद्धेची सही करत नाही.

रेघ कुठं ओढायची ते मात्र घरून ठरवून निघा. गाणी म्हणायची, बसायचं, भेटायचं, हे चालेल. विश्वासाचा अंगीकार, म्हणजे ‘मी विश्वास धरतो’ हे सगळ्यांनी मिळून म्हणायचं वचन, चालू असताना गप्प उभं राहायचं. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारस घ्यायला, उठायचं नाही. साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, पुढं बोलावलं तर मान हलवून नाही म्हणायचं. आईला आदल्या दिवशी सांगा : ‘आई, मी तुझ्यासाठी येतो. भोजन घेणार नाही. पाळकसाहेबांना माझ्यासाठी खास प्रार्थना करायला सांगू नकोस.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ते न सांगितल्यानं भर मंडळीत नाव घेऊन प्रार्थना होते आणि पुढची दोन वर्षं जाणं बंद पडतं.

सगळ्यांना सगळं जाहीर करणं म्हणजे प्रामाणिकपणा, हा समज मंडळीतल्या साक्ष देण्याच्या सवयीतूनच आलेला असतो. मामा-मावशीला कारणं देणं लागत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं कॅथलिक चर्च सोडलेले. आजी आमच्या बाळाचा बाप्तिस्मा परस्पर उरकेल का? (मडगाव)

उत्तर : चर्च-कायद्याच्या ८६८व्या कलमाप्रमाणे आई-वडलांपैकी निदान एकाची संमती लागते. अपवाद फक्त बाळाच्या जिवाला धोका असण्याचा. धर्मग्रामाच्या फादरांना दोघांच्या सहीचं चार ओळींचं पत्र द्या आणि पोचेची प्रत घ्या. आजीनं घरी नळाखाली पाणी ओतलंच, तर बाळाला पुसून कोरडं करा. भांडण संध्याकाळी, बाळ झोपल्यावर.