चक्र मध्येच अडतं

प्रश्न : आमच्या नाटकात १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची न उडणारी प्रतिकृती आहे. घोडा (मागची हातोडी) ओढला की गोळ्यांचं चक्र कधी फिरतं, कधी नाही. – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी नळी जमिनीकडे धरून घोडा ओढा, मग आभाळाकडे धरून. खाली फिरतं आणि वर अडतं? मग घोड्याला जोडलेल्या ढकलपट्टीची पातळ स्प्रिंग तुटली आहे. नळी खाली असली की पट्टी स्वतःच्या वजनानेच पुढे झुकून चक्राचे दात पकडते. माझ्याकडची स्प्रिंग दोन पावसाळ्यांतच गेली. नखाएवढा गंजका तुकडा आत तेलात चिकटून बसला होता. तो शोधून काढाच, नाहीतर चापात अडकेल. उघडायला पेचकस मात्र स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाराच घ्या. आपल्या खाडीकाठच्या हवेत नुसतं पुसून भागत नाही, तेलाचा हात हवाच.