फेडरल न्यायालयाची पायरी कधी चढावी लागते?

आपण विचारले आहे की, एच-वन-बीवर, म्हणजे कुशल नोकरदारांच्या व्हिसावर, न्यू जर्सीला आल्यावर काही वाद उद्भवला तर फेडरल न्यायालयात जावे लागते का, आणि एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर येणाऱ्या पत्नीचा नोकरीचा परवाना न्यायालय रद्द करू शकते का.

मुंबई उच्च न्यायालयासमोर केंद्राच्या कायद्याचे खटलेही चालतात आणि राज्याच्या कायद्याचेही, कारण आपल्याकडे न्यायालयांची उतरंड एकच आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची पूर्ण न्यायव्यवस्था आहे आणि तिच्याशेजारी केंद्राची, म्हणजे फेडरल न्यायालयांची, वेगळी. घरमालकाने अनामत अडकवली, वाहतुकीचा दंड झाला, घटस्फोट किंवा मृत्युपत्राचा प्रश्न आला, तर काम बहुतेक वेळा राज्याच्या न्यायालयातच होते. फेडरल न्यायालयात प्रामुख्याने संविधानाचे आणि केंद्रीय कायद्याचे प्रश्न, तसेच केंद्र सरकार पक्षकार असलेले खटले जातात.

या न्यायालयांचे तीन स्तर आहेत. तळाशी 94 जिल्हा न्यायालये आहेत. संपूर्ण न्यू जर्सी हा त्यांपैकी एकच जिल्हा असून त्याचे कामकाज न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन येथे चालते. त्यांवर 13 अपील न्यायालये आहेत, त्यांतील न्यू जर्सीसाठीचे फिलाडेल्फियाला. तेथे साक्षीपुरावा नव्याने होत नाही. सामान्यतः तीन न्यायाधीश खालच्या निकालात कायद्याची चूक झाली का, हे पाहतात. सर्वांत वर नऊ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय. या तिन्ही स्तरांवरील न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष सेनेटच्या संमतीने तहहयात नेमतात.

परदेशी नागरिकांच्या हद्दपारीची प्रकरणे ऐकणारे इमिग्रेशन न्यायालय मात्र यांपैकी कोठेच बसत नाही. ते केंद्राच्या न्याय खात्याच्या अखत्यारीत चालते, तेथील न्यायाधीशांची नेमणूक त्या खात्याचे प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल, करतात आणि सरकारी खर्चाने वकील मिळण्याची हमी नसते. ज्या खात्याचे धोरण त्याच खात्याचे न्यायाधीश, ही रचना मला मुळातच अन्यायकारक वाटते. तेथील अपील मंडळाने हद्दपारीचा आदेश कायम केला तर फेडरल अपील न्यायालयात जाण्यासाठी केवळ 30 दिवस मिळतात, आणि ही मुदत कठोरपणे पाळली जाते.

पत्नीच्या परवान्याबाबत पूर्वीचा एक खटला लक्षात घ्यावा. एच-फोरवरील काही पती-पत्नींना नोकरीची मुभा देणारा नियम 2015 मध्ये आला आणि त्याच वर्षी अमेरिकन संगणक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात त्याला आव्हान दिले. 2023 मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि 2024 मध्ये अपील न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. प्रकरण सुनावणीला घेण्यासाठी तेथे किमान चार न्यायाधीशांची तयारी लागते, आणि नकाराचा अर्थ नियमावर शिक्कामोर्तब असा होत नाही. एवढी वर्षे हजारो कुटुंबांनी, ज्यांत आपली मराठी घरेही होती, डोक्यावर टांगती तलवार घेऊन घरकर्जाचे आणि मुलांच्या शाळेचे निर्णय घेतले. त्या खटल्यात परवाना टिकला असला तरी सरकार स्वतः रीतसर प्रक्रिया करून नियम बदलू शकते. शिवाय हा परवाना येताक्षणी मिळत नाही. आपला आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर होईपर्यंत सहसा थांबावे लागते, म्हणून पहिल्या काही वर्षांचा हिशेब एकाच पगारावर मांडावा.

कंपनीने आपल्यासाठी केलेला एच-वन-बीचा अर्ज चुकीच्या कारणाने फेटाळला गेला, तर 1946 च्या प्रशासकीय प्रक्रिया कायद्याखाली जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. असा दावा बहुधा अर्जदार कंपनी करते, आणि उत्तर देण्यास सरकारला 60 दिवस मिळत असल्याने झटपट निकालाची अपेक्षा ठेवू नये.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण सांगणे आवश्यक आहे. वाहन परवान्यांच्या याद्यांतूनही ज्युरीसाठी, म्हणजे खटल्यात निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठी, नावे काढली जात असल्याने आपल्यालाही ज्युरीचे समन्स येऊ शकते. ते बाजूला टाकू नये. सोबतच्या प्रश्नावलीत अमेरिकन नागरिक आहात का, असे विचारलेले असते. तेथे ‘नाही’ अशी खूण करून ती मुदतीत परत पाठवावी आणि प्रत जपून ठेवावी. नागरिकत्वाचा खोटा दावा, मग तो घाईत केलेला असो, पुढे ग्रीन कार्डाचा मार्ग कायमचा बंद करू शकतो.