कमी पगारावर राबणाऱ्यांनी बनवलेला फोन विकत घेणं चूक आहे का?

तुम्ही विचारलंय की असा फोन घेतला तर आपणही त्या अन्यायात सामील होतो का. माझ्या मते होतो, थोडेफार. पण फोन घेतला नाही म्हणून त्यातून सुटतो, असंही मला वाटत नाही.

2009 सालची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. चीनमधल्या सूझौ शहरात विनटेक या ॲपलच्या पुरवठादार कंपनीच्या कारखान्यात टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन हे रसायन वापरायला सुरुवात झाली. ते लवकर उडून जातं, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त काचा पुसून होतात. त्याच्या वाफेनं मात्र नसांना इजा होते. हातपाय बधिर झाले, चालणं अवघड झालं. 137 कामगारांना बाधा झाल्याचं ॲपलनं 2011 मध्ये स्वतःच मान्य केलं. काही मिनिटांच्या बचतीसाठी हे झालं!

‘मजुरी वाढली तर फोन परवडणार नाहीत’ हे म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2010 च्या आयफोनचा हिशेब मांडला, तेव्हा विक्रीच्या किमतीतला जेमतेम 1.8 टक्के भाग चीनमधल्या मजुरीचा निघाला. ॲपलचा नफा निम्म्याहून जास्त होता. मजुरी दुप्पट झाली असती तरी गिऱ्हाइकाला फारसं जाणवलं नसतं.

मग बहिष्कार का नको? 2012 मध्ये ॲपलसाठी फोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या 35 हजारांहून जास्त कामगारांची पाहणी झाली. जवळपास एक तृतीयांश म्हणाले, अजून तास काम मिळालं तर हवंच आहे. ‘बघा, ते खुशीनं करतात’ म्हणणारे इथेच थांबतात. त्याच पाहणीत 64 टक्के कामगारांनी सांगितलं होतं की पगारात मूलभूत गरजा भागत नाहीत. मूळ पगार अपुरा, म्हणून ओव्हरटाइम हवा. आपण खरेदी थांबवली तर आधी जातो तो ओव्हरटाइम. पगार आहे तिथेच राहतो.

मी स्वतः फोन बंद पडेपर्यंत वापरते, बॅटरी बदलून घेते आणि नवं मॉडेल बाजारात येताच धावत नाही, कारण कारखान्यांत सगळ्यात जास्त ताण त्याच दिवसांत असतो. यानं कुणाचा पगार वाढत नाही, हे मला कळतं. पगार वाढतो बोभाटा झाला की. 2010 मध्ये फॉक्सकॉनमधल्या तरुण कामगारांच्या आत्महत्यांची जगभर चर्चा झाली, आणि त्याच वर्षी शेनझेनमधला मूळ पगार 900 युआनवरून 1200 झाला. म्हणून कंपनीला पत्र लिहा, पुरवठादारांची यादी मागा, कामगार संघटनांच्या मागण्या पुढे पाठवा.

दक्षिण कोरियात एका टॅक्सीचालकाची मुलगी सॅमसंगच्या चिप कारखान्यात काम करत होती. 2007 मध्ये, 22 व्या वर्षी ती रक्ताच्या कर्करोगानं गेली. कंपनीनं जाहीर माफी मागून भरपाईचा करार पुरा केला तो 2018 मध्ये. एवढी वर्षं तो बाप लढत राहिला, आणि आम्ही गिऱ्हाइकं तेव्हा फोनच्या कॅमेऱ्यांची तुलना करत होतो.