चेकपॅच म्हणतो म्हणून यूडिले काढू नको

भाऊ, तुझी पोस्ट वाचली अन् पाच वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. तोच लिनक्स कर्नलमधला आरटीएल ८७२३ बीएस या वायफाय चिपचा ड्रायव्हर, तोही स्टेजिंगमधला (म्हणजे अजून कच्च्या ड्रायव्हरांच्या फोल्डरमधला), चेकपॅचच्या (कोड लिहिण्यातल्या चुका दाखवणाऱ्या स्क्रिप्टच्या) वॉर्निंग साफ करून १४ पॅचेस, म्हणजे कोडमधले बदल, तयार, अन् आता वायफाय स्कॅन करताना लॅपटॉप मधेच गोठून राहिला. ट्री, कंपाइल वगैरे तुला येतंच, त्यात जात नाही.

पहिले हे सांग, त्या १४ मधे कुठं यूडिले (न झोपता जागच्या जागी थांबणं) काढून यूस्लीप रेंज (झोपून थांबणं) टाकलंस का? माझं तिथंच घोडं पेंड खाल्लं. चेकपॅच स्ट्रिक्ट लावून चालवला की तो म्हणतो यूडिलेपेक्षा यूस्लीप रेंज बरं. फंक्शन जेमतेम आठ ओळींचं, त्यात लॉक कुठंच दिसत नव्हता, मी बिनधास्त बदललं. लॉक होता दोन फंक्शन वर, कॉलरनं (त्याला बोलावणाऱ्या फंक्शननं) स्पिनलॉक धरूनच खाली पाठवलेलं. स्पिनलॉक म्हणजे असं कुलूप की दुसऱ्याला ते लागलं तर तो न झोपता तिथंच फिरत वाट बघतो. स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं हे मला पाठ होतं बरं का, पण वर जाऊन बघितलंच नाही. अन् त्या वॉर्निंगमधेच ज्या डॉक्युमेंटचा पत्ता होता, त्यात सगळ्यात आधी हेच विचारलेलं की तुमचा कोड ॲटॉमिक कॉन्टेक्स्टमधे, म्हणजे जिथं झोपायला मनाई तिथं, आहे का. कोण उघडतं!

बरं, लॅपटॉप लगेच हँग झाला असता तर समजलं असतं. तोच लॉक दुसऱ्या कोणाला त्याच वेळी लागला तरच अडकायचा, म्हणून दोन दिवस मस्त चालला. वरून मे महिना, नागपुरात पारा ४५ ला, मला वाटलं तापूनच बंद पडून राहिला. सीताबर्डीच्या एका दुकानात नेला, नाव नाही घेत. चार दिवस ठेवून घेतला अन् बिलावर लिहिलं ‘फॅन क्लीनिंग’. त्या लॅपटॉपला फॅनच नाही बाप्पा! परत नेला तर म्हणे मदरबोर्ड गेला.

शेवटी कर्नल कॉन्फिगमधे डीबग ॲटॉमिक स्लीप (नको तिथं झोपलेला कोड पकडणारा पर्याय) चालू करून कर्नल परत बिल्ड केला. पहिल्याच स्कॅनला डीमेसेगमधे (कर्नलच्या लॉगमधे) ‘शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक’, अन् खाली कॉल ट्रेसमधे (कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत) माझंच फंक्शन. तोवर पॅच कर्नलमधे मर्ज झालेला, मग मुकाट रिव्हर्ट (तो बदल मागं घेणारा पॅच) पाठवला, कोणता बदल चुकला ते सांगणाऱ्या फिक्सेस टॅगमधे आपल्याच कमिटच्या हॅशचे १२ अक्षरं टाकून.

मी काही मेंटेनर (ड्रायव्हर सांभाळणारा) नाही, तुझा बग वेगळाही असू शकतो. पण माझ्या मते डिले, लॉक अन् जीएफपी फ्लॅग (मेमरी कशी मागायची ते सांगणारा), या तीन गोष्टींना क्लीनअप म्हणूच नये. सगळे कॉलर बघितल्याशिवाय हात लावू नको, अन् लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलचीच सोय) चालू ठेव. स्पेस-टॅबचे पॅच करायचे तर कर, पण ड्रायव्हरच्या फोल्डरमधली टूडू फाइल वाच, खरं काम तिथं लिहिलेलं असते. आर ८१८८ ईयू, स्टेजिंगमधलाच दुसरा वायफाय ड्रायव्हर, माहीत आहे ना? लोकांनी ढिगानं क्लीनअप केले, अन् २०२३ मधे अख्खा ड्रायव्हर काढून टाकला, कारण तीच चिप आरटीएल ८ एक्सएक्सएक्सयू या स्टेजिंगबाहेरच्या ड्रायव्हरवर चालायला लागली होती.

अन् पॅच ऑफिसच्या मेलवरून पाठवू नको. पॅच मेलच्या मजकुरातच जातो, अन् आमच्याकडे सर्व्हर टॅबच्या स्पेस करून तो बिघडवायचा, वरून खाली ‘हा मेल गोपनीय आहे’ चिकटवायचा. आयटीवाल्यांना तीनदा तिकीट टाकलं, तिन्ही वेळा ‘रिझॉल्व्हड’ करून बंद.

तो कॉल ट्रेस निघाला की इथंच टाक, फोटो नको, टेक्स्ट टाक.